रहमाच्या गच्चीवरची चतुर्थी

लीड्स,
रविवार, २५ सप्टेंबर २००५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे, आणि तो करणारा माणूस या क्षणी सोफ्यावर पाय पसरून ॲशेसची टेप तिसऱ्यांदा बघतो आहे. इंग्लंड तिसऱ्यांदाही जिंकेल अशी त्याला आशा वाटते.

झालं असं, की हरीशने आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं सरप्राइझ म्हणून परस्पर मोरोक्कोची सहल बुक केली. त्यातही तुझं आणि वहिनीचं लाडकं तिग्मिल गाव. पंचवीस वर्षांत या माणसाने मला दिलेलं दुसरं सरप्राइझ म्हणजे बॉयलर, त्यामुळे मी पूर्ण अकरा मिनिटं गहिवरले होते. मग तारखा बघितल्या. पंधरा ते बावीस ऑक्टोबर. आमच्या फार्मसीतल्या भिंतीवर सगळ्या धर्मांचं एकत्र कॅलेंडर आहे, त्यात बघितलं तर रमजानचा ऐन मध्य. म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अख्खं गाव तोंड मिटून बसणार. हॉटेलचं पत्रही आलं, की पाहुण्यांनी कृपया नोंद घ्यावी, दुपारचं जेवण मिळणार नाही. हरीशचं म्हणणं, म्हणूनच तर स्वस्त मिळालं.

दादा, त्रेपन्न वर्षांत मी रक्ततपासणीखेरीज कुठल्याही कारणाने उपाशी राहिलेले नाही. उपासाच्या दिवशी वहिनीच्या ओट्यावरची रताळी, साबुदाणा आणि दाण्याची आमटी बघून मी तिला जन्मभर चिडवलं, की हा उपास असेल तर मीही रोज करते. देव आता खुर्ची ओढून माझी मजा बघत बसला असणार.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी थट्टा करत नाही. तुझ्या लेकीचा केंब्रिजहून फोन आला होता. बुधवारी शेजारच्या बाईंना तू स्वयंपाकघरात फरशीवर बसलेला सापडलास, घाम फुटलेला, धड बोलता येत नव्हतं. शुगर दोनच्या खाली, म्हणजे भारतातल्या मापाने छत्तीसच्याही खाली. स्वराली म्हणाली, बाबा कारण सांगत नाहीत. मी कॅलेंडर बघितलं. बुधवारी संकष्टी होती. इन्सुलिन टोचून घेऊन दिवसभर उपाशी राहणं याला आमच्या खात्यात व्रत म्हणत नाहीत, दुसरं नाव आहे, ते मी पत्रात लिहीत नाही. जन्मात कधी देवाला हात न जोडणारा तू, वहिनी गेल्यावर तिच्या चतुर्थ्या कशाला करतोस? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू ड्रॉवरमध्ये जपून ठेवतोस, म्हणून लेखी विचारते आहे. लेखी उत्तर हवं.

आणि तिग्मिलला कुठे काय खावं-प्यावं तेही कळव. लोभ आहेच, पण तो घेणारा माणूस शुद्धीवर असावा ही विनंती.

तुझी धाकटी बहीण,
वैजयंती

*

कार्डिफ,
२९ सप्टेंबर २००५

चि. वैजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझी प्रकृती ठीक आहे. फरशी थंड होती म्हणून बसलो होतो. हा विषय संपला.

तिग्मिलबद्दल लिहितो. आम्ही तिथे सात वेळा गेलो, नेहमी ख्रिसमसच्या सुट्टीत, कारण त्या दिवसांत कार्डिफमध्ये पाऊस आणि टर्की याखेरीज काही मिळत नाही.

पहिलं म्हणजे चहा. बंदराच्या उतारावर शेवटच्या वळणाला एक निळी टपरी आहे. पुदिन्याचा चहा, हातभर उंचीवरून ओतलेला. साखर इतकी, की तुझ्यासारख्या फार्मसिस्टने डोळे मिटून प्यावा. सुचेता पहिला ग्लास नुसता हातात धरून बसायची, बोटं शेकत. मी म्हणायचो निवतोय, ती म्हणायची निवू दे. त्या टपरीसमोर बसलं की होड्या परत येताना दिसतात. आमच्या कितीतरी संध्याकाळी होड्या मोजण्यात गेल्या, आणि दर वेळी आमचे आकडे वेगळे यायचे.

मासे बंदरावर विकत घ्यायचे आणि शेजारच्या जाळीवाल्याकडे द्यायचे. तो जिरं-मीठ लावून भाजून देतो. मी सार्डिन खायचो, सुचेता वाऱ्याच्या उलट्या दिशेला बसून पाव खायची. तिच्यासारख्या शाकाहारी बाईची खरी सोय म्हणजे बिसारा. वाळलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं, म्हणजे त्या मोठ्या पांढऱ्या बियांचं, दाट सूप. वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. पहिला घास घेतल्यावर सुचेताने जाहीर केलं, की हे आपलं पिठलंच आहे, इकडे येऊन नाव बदललं आहे. मशिदीमागच्या गल्लीत एक म्हातारा पहाटे विकतो. आणि घडीच्या पोळीसारखी चौकोनी पोळी मिळते, मसमन, ती बदाम आणि अर्गन नावाच्या तिथल्या झाडाच्या तेलाच्या चटणीला लावून खा. हरीशरावांना दोनच द्या.

रमजानात हे सगळं सूर्यास्तानंतर. त्या आधी पाणीसुद्धा रस्त्यात पिऊ नये, बरं दिसत नाही.

बंदराच्या कमानीशी रहमा नावाच्या बाईची खाणावळ आहे. तिथे जाऊ नका.

लोभ वाढावा असं लिहायची पद्धत आहे. तुझा वाढला तर पत्रं लांबतात, म्हणून आहे तेवढाच ठेव.

तुझा दादा,
पुरुषोत्तम

*

लीड्स,
२ ऑक्टोबर २००५

ती. दादास,
सा. न.

सात वर्षांच्या सात सुट्ट्यांत वहिनीच्या तोंडी त्या गावातलं एकच नाव असायचं आणि ते रहमाचं होतं. रहमाने माझ्यासाठी वेगळी भाजी केली, रहमाने मला पीठ मळायला बसवलं, रहमाचे गुडघे माझ्यासारखेच दुखतात. आणि तू मला निळ्या टपरीचा पत्ता देतोस अन् रहमाकडे जाऊ नका म्हणतोस? तू निवृत्त इंजिनिअर आहेस, पुलाला तडा कुठे आहे हे तुला बरोबर ठाऊक असतं. तिथेच बोट ठेवून सांग. अन्यथा मी पहिल्या दिवशी थेट तिच्याकडे जाईन आणि तुझ्या नावाने जेवेन.

उपासाबद्दल तू एक ओळ लिहिलीस आणि तीही खोटी. फरशी थंड होती म्हणे. चतुर्थी पुन्हा वीस तारखेला आहे आणि तेव्हा मी दोन हजार मैलांवर असणार. मला त्या दिवसाची भीती वाटते, दादा.

हरीशचा नमस्कार. लोभ नको, उत्तर दे.

वैजू

*

कार्डिफ,
६ ऑक्टोबर २००५

चि. वैजूस,
आशीर्वाद.

तडा कुठे आहे विचारलंस, सांगतो.

नव्व्याण्णवच्या ख्रिसमसला आम्ही तिथे होतो. तेव्हाही रमजान चालू होता, आणि आमच्या मुक्कामात संकष्टी आली. सुचेता एरवी उपासाला फराळ करायची, पण गावात सगळे कोरडे असताना आपण चहा पिणं तिला प्रशस्त वाटेना. तिने पाणीही घेतलं नाही. रहमाने हे दिवसभर बघितलं आणि तिची समजूत झाली, की ही बाई आपल्या प्रेमाखातर आपल्याबरोबर रोजा ठेवते आहे. तिला इतका आनंद झाला, की तिने सुचेतासाठी मांसाचा कणही नसलेलं वेगळं हरीरा सूप केलं, भोपळ्याची भाजी केली, आणि सूर्य बुडाल्यावर स्वतःच्या तोंडात काही घालण्याआधी पहिला खजूर सुचेताच्या हातावर ठेवला.

सुचेताने तो खाली ठेवला आणि आकाशाकडे बोट दाखवलं. माझा उपास चंद्र दिसल्यावर सुटतो, हे इव्हनिंग क्लासातल्या फ्रेंचमध्ये तिने कसंबसं सांगितलं. रहमाला वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. उलट तिने कपाळावर हात मारला, हसली, आणि आमचाही महिना चंद्रच ठरवतो म्हणाली. सगळी मंडळी गच्चीवर गेली. शेजारच्या गच्च्यांवरही बातमी पोचली. वीसेक माणसं सुचेताच्या चंद्राची वाट बघत होती.

चंद्र येईना. डोंगरावर ढग होते. मी माझं सूप केव्हाच पिऊन बसलो होतो. थंडी होती, पाठ दुखत होती, आणि एवढ्या लोकांना आपल्यामुळे ताटकळावं लागतं याची मला लाज वाटत होती. नऊ वाजून गेल्यावर मी सगळ्यांदेखत सुचेताला म्हणालो, की तुझ्या खुळापायी गावाला वेठीला धरू नकोस. तिचा हात धरला आणि ओढत हॉटेलवर नेलं. रहमाने वाढलेलं ताट तसंच राहिलं. मागे वळून बघितलं तर रहमा हातात झाकण घेऊन उभी होती.

खोलीच्या बाल्कनीत थोड्या वेळाने चंद्र दिसला. सुचेता एवढंच म्हणाली, की बघा, आला. मग पर्समधलं बिस्किट खाल्लं आणि झोपली. वाढलेल्या ताटावरून उठणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. तिने या विषयावर पुन्हा चकार शब्द काढला नाही. त्यानंतर दर चतुर्थीला भांडी मी घासत असे. तीही घासू देत असे.

पुढच्या वर्षी जाऊन माफी मागू म्हणालो, तर माझी बायपास निघाली. मग तिचं आजारपण. जायचं राहिलं ते राहिलंच. व्रत सोडायचं तर उद्यापन करावं लागतं, तेही तिचं राहिलं. म्हणून तिचा नेम मी चालवतो. माझा देवावर विश्वास नाही, पण तिचा होता, आणि तिचा एक उपास मी मोडला आहे.

हे स्वरालीला कळू नये. लोभ कमी होण्यासारखं लिहिलं आहे, तरी असू द्यावा.

दादा

*

लीड्स,
१० ऑक्टोबर २००५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी फार्मसीच्या स्टोअररूममध्ये उभ्याने वाचलं. मग एका पेशंटला त्याच्या गोळ्या दोनदा समजावून सांगितल्या आणि तिसऱ्यांदा त्यानेच मला समजावल्या.

तू शहाणा आहेस की मूर्ख याचा निर्णय मी राखून ठेवते. सौदा ऐक. वीस तारखेचा उपास मी करते, तिग्मिलमध्ये, वहिनीच्या नावाने, अगदी चंद्र दिसेपर्यंत. माझ्यासारखी बाई उपाशी राहते आहे म्हटल्यावर देवालाही फसवणुकीचा संशय येईल, पण त्याचं मी बघते. एका घरात एक उपास पुरे. तू त्या दिवशी इन्सुलिन घेऊन वेळेवर जेवायचं. स्वराली बुधवारी रात्री कार्डिफला येईल आणि तुझ्या ताटासमोर बसेल. तिला मी फक्त शुगरचं सांगितलं आहे, बाकी तुझं तू सांग, तिची आई होती.

हो किंवा नाही, परत टपालाने, फर्स्ट क्लासने.

वैजू

*

कार्डिफ,
१२ ऑक्टोबर २००५

चि. वैजूस,
आशीर्वाद.

या खेपेपुरतं हो. पुढच्या महिन्याचं कबूल करत नाही.

रहमा असेल तर तिच्याकडे जा. माझ्या वतीने माफी माग. नसेल तर तेही तसंच कळव, गोड करून लिहू नकोस. पायात चांगले बूट घाल, उतार निसरडा आहे.

दादा

*

तिग्मिल,
शुक्रवार, २१ ऑक्टोबर २००५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र इथून टाकलं तर माझ्यानंतर महिन्याने पोचेल, म्हणून उद्या मँचेस्टरच्या विमानतळावर टाकेन. काल तू तिन्ही वेळा जेवलास आणि भेंडीला नावं ठेवलीस, असा स्वरालीचा हॉटेलवर निरोप आला. नावं ठेवलीस म्हणजे शुगर उत्तम असणार.

आधी तुझ्या यादीचा हालहवाल. निळी टपरी आता पिवळी आहे आणि तिथे सर्फिंगच्या फळ्या भाड्याने मिळतात, पण संध्याकाळी मालक फळ्या बाजूला सारून चहा ओततो. मी पहिला ग्लास हातात धरून बसले. हरीश म्हणाला निवतोय. मी ग्लास तसाच धरून ठेवला. होड्या आम्हीही मोजल्या. त्याच्या अठरा, माझ्या एकवीस. जाळीवाला सूर्यास्तानंतर भाजून देतो. बिसारावाला म्हातारा गेला, आता त्याचा जावई विकतो, आणि दादा, ते खरोखर पिठलं आहे. फक्त मिरचीची फोडणी राहिली आहे. दिवसा फक्त एकच जागा उघडी, गावाच्या टोकाला पडदे लावलेलं सर्फर लोकांचं कॅफे. तिथे केळ्याचे पॅनकेक खाताना हेडिंग्लीचे दोन निवृत्त बसड्रायव्हर भेटले. घरापासून एवढं लांब येऊन हरीशने त्यांच्याशी लीड्सच्या रिंगरोडवर चर्चा केली.

रहमाकडे सोमवारी गेले. ती आहे. गुडघ्यांनी पार बसली आहे, स्वयंपाक आता सून करते, नजात. नजातने सर्फर लोकांकडून इंग्रजी उचललं आहे, त्यामुळे दर वाक्याच्या शेवटी ती नो वरीज म्हणते. वहिनीचा फोटो दाखवला. रहमाने तो डोळ्यांशी नेला आणि ओव्हरकोटाखाली साडी आणि त्याखाली खेळाचे बूट, हे हातांनीच मला दाखवलं. कुठे आहे विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ माझा हात धरून पुटपुटत होती. नजातने त्याचं भाषांतर केलं नाही, लागलंही नाही.

मग मी घसा खाकरून तुझी माफी सुरू केली. गच्ची, चंद्र, ओढलेला हात, तसंच राहिलेलं ताट. नजात एकेक वाक्य पोचवत होती. ताटापर्यंत आले आणि रहमा हसायला लागली. इतकी हसली, की तिला पाठीशी उशी द्यावी लागली.

दादा, आता नीट बसून वाच. ते ताट राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाव आणायला म्हणून बाहेर पडली होती, आठवतं का? ती रहमाकडे आली. काल ठेवलेलं वाढ, बिस्किटाने माझा उपास सुटलेला नाही म्हणाली. रहमाने सूप गरम केलं, भाजी गरम केली. रहमाचा स्वतःचा रोजा तेव्हा सुरू झाला होता. तर ही बाई उपाशीपोटी समोर बसून वाढत होती आणि वहिनी सावकाश, ताट पुसून जेवत होती. जेवताना तिने तुझी नक्कल केली. पाठीवर हात, भुवया वर, घड्याळाकडे बोट. रहमाने काल ती पुन्हा करून दाखवली, सहा वर्षांनी, आणि हरीशनेसुद्धा तुला ओळखलं.

नवऱ्याला सांगितलंस का, असं रहमाने तेव्हा विचारलं होतं. वहिनी म्हणाली, की सांगणार नाही, सांगितलं तर तो पुन्हा पूर्वीसारखा होईल, आज सकाळपासून फार चांगला वागतोय. आणि म्हणे घरी गेल्यावर तो भांडीही घासेल, अशी तिने हातांनी खूण केली.

आता तू काय करावंस ते मी सांगणार नाही. चिडावंस, हसावंस, दोन्ही चालेल. फक्त तू तिचा उपास मोडलास हे पुन्हा लिहू नकोस. तो तिने हवा तसा सोडला होता, तुला वगळून.

तरी तू उद्यापन राहिल्याचं धरून बसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून काल तेही उरकलं. मी दिवसभर काही खाल्लं नाही. पाणी मात्र बाथरूममध्ये दार लावून प्याले, ते मोजू नये. चारपर्यंत मी हरीशशी दोनदा भांडले आणि एकदा भिंतीशी. चतुर्थी आयुष्यभर हसत करणाऱ्या वहिनीबद्दल मला चारनंतर नव्याने काही कळलं. ते इथे लिहीत नाही. तिला मी फार चिडवलं, एवढं लिहिते.

सूर्य बुडाल्यावर रहमाने पहिला खजूर हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि न सांगता स्वतः खाल्ला. या खेपेला तिला रीत ठाऊक होती. आठ वाजून गेल्यावर डोंगरावरून चंद्र आला, लालसर, एका बाजूने दबलेला. ढग नव्हते. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडून आम्हाला कळवलं, जणू आम्हाला दिसत नव्हता. मी हात जोडले, वहिनीचं नाव घेतलं आणि आता हा नेम पुरा झाला असं मराठीत म्हटलं. भटजी नव्हते, शास्त्र मला येत नाही. सात माणसं पोटभर जेवली, ते उद्यापन नसेल तर काय असतं ते मला माहीत नाही. तेव्हा पुढच्या चतुर्थीला सकाळी इन्सुलिन आणि टोस्ट. ही विनंती नाही.

एक गोष्ट राहिली. त्या सकाळी निघताना वहिनी रहमाला सांगून गेली होती, की पुढच्या रमजानात येईन तेव्हा चंद्राच्या दिवशी आमच्याकडे जे गोड करतात ते मी तुला करून घालीन. बोटांनी कळ्या पाडून तिने आकार दाखवला होता. रहमाने सोमवारी तो मला सहज करून दाखवला, कसला पदार्थ ते विचारण्यासाठी. मी गुरुवारी सांगते म्हटलं.

काल दुपारी नजातच्या ओट्याशी उभी राहिले. तांदळाची पिठी मिळाली नाही, कणीक घेतली. गूळ नाही म्हणून खजूर आणि बदाम कुटले. जन्मात पहिल्यांदा मोदक वळले, दादा. एकवीसपैकी सहा तळताना उघडले, बाकीच्यांच्या कळ्या म्हणजे वाऱ्याने उलटलेल्या छत्र्या. चंद्र बघून खाली आल्यावर मी वाडगा रहमापुढे ठेवला आणि वाढायला म्हणून दुसरीकडे वळले. तिने एक उचलला, दिव्याशी धरून फिरवून बघितला, चावला. मग मला हाक मारून विचारलं, सुचेता?

मी हो म्हटलं. माझ्या हातच्या पदार्थाचं नाव दुसऱ्या बाईला गेलं आणि मी वाद घातला नाही, असं पहिल्यांदाच झालं असेल.

तुझी,
वैजू